ठेव २०००, दर शेकडा १

मुद्दल कधीच परत मागणार नाही, फक्त व्याज घेत राहू, अशा अटीवर कुणी ठेव ठेवायला आलं तर आमच्या पतसंस्थेचे चेअरमन त्याला स्वतः चहा पाजतील. आमच्याकडे असं गिऱ्हाईक अजून फिरकलेलं नाही. नाशिकमध्ये मात्र एक होऊन गेलंय. त्याची ठेवपावती दगडात कोरलेली आहे, आणि तो दगड पाथर्डी फाट्याजवळ, मुंबई-आग्रा हायवेवरून जाता-येता दिसणाऱ्या डोंगरात आहे.

पांडवलेणी. नाशिककर तिथे मुख्यतः व्यायामाला जातो. पहाटे पायऱ्या चढायच्या, वर दोन-चार बैठका मारायच्या, उतरायचं आणि खाली येऊन जेवढ्या कॅलरी जाळल्या त्याच्या दुप्पट मिसळ खायची. बाकी पाहुणे आले की त्यांना त्र्यंबकला न्यायचं, पंचवटीला न्यायचं, सोमेश्वरला न्यायचं, आणि वेळ उरलाच तर फाळके स्मारक आणि वरची लेणी. मीही ती लेणी याच पद्धतीनं पाहत आले. शाळेच्या सहलीत "इथे पांडव राहिले होते" हे ऐकलं, मोठेपणी पाहुण्यांना तेच सांगितलं, संपला विषय.

या वेळी मला नेलं आमच्या कॅशियर वैशालीनं. ती दर रविवारी एका वर्गात धम्मलिपी शिकते, म्हणजे आपण ज्याला ब्राह्मी म्हणतो ती. ऑफिसात दुपारी डबा खाताना चिठ्ठ्यांच्या मागे ती अक्षरं गिरवत बसते. एक दिवस मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही ठेवी बघता ना? मग तुम्ही दहा नंबरचं लेणं बघितलंच पाहिजे. त्यात व्याजदर लिहिलाय." कर्जवसुलीच्या मीटिंगमधून नुकती उठून आलेल्या माणसाला याहून चांगलं आमंत्रण कुठलं मिळणार!

पायऱ्यांबद्दल फार सांगत नाही. माझ्या गुडघ्यांनी जेवढं सांगायचं तेवढं मला सांगितलं. वैशाली दहा पायऱ्या पुढे जाऊन थांबायची आणि मोबाइल बघितल्यासारखं करायची, म्हणजे मला लाज वाटू नये. वर तिकीट काढलं, घोटभर पाणी प्यायलं आणि वळून पाहिलं तर खाली अख्खं नाशिक पसरलेलं. अंबडच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं, हायवेवर मुंगीच्या चालीनं सरकणारे कंटेनर. लेण्यांची तोंडं साधारण उत्तरेकडे, त्यामुळे ऊन थेट आत येत नाही. एकूण २४ लेणी, डोंगराच्या कमरेला एका ओळीत. डोंगराचं लेखांतलं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी.

आमच्या पुढेच बसनं आलेला एक मोठा कुटुंबकबिला होता आणि त्यांच्याबरोबरचा माणूस "ही भीमाची खोली, ही कुंतीची" असं वाटप करत चालला होता. मला वाटलं वैशाली आता त्याच्याशी भांडते. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "पांडवांनी एक तरी नाव कोरायला हवं होतं. बाकी सगळ्यांनी कोरलंय." आणि ती सरळ दहा नंबरकडे निघाली.

दहा नंबर म्हणजे नहपान विहार. समोर खांबांची रांग. खांबांच्या तळाशी दगडी घडे, वर उलट्या घंटेसारखा भाग आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा काळ. लेणं कोरवून घेतलं त्याच्या जावयानं. जावयाचं नाव उषवदात, दिनीकाचा मुलगा. हा जावई भलताच हात सैल असलेला माणूस. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर छताखाली त्यानं आपल्या दानधर्माची लांबच लांब यादी कोरून ठेवलीय: तीन लाख गाई दिल्या, सोळा गावं दिली, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण घातलं, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या, म्हणजे भडोच, मंदसोर, आपलं गोवर्धन आणि सोपारा. नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, त्यांत तापी आहे, दमण आहे, डहाणूची नदी आहे. आकडे जरा चढवलेले असणार हे आम्हा हिशेबवाल्यांना सांगावं लागत नाही. पण होडीचा मुद्दा मला पटला. पावसाळ्यात नदी अडवून धरते तेव्हा लाख भोजनांपेक्षा एक होडी कामाची.

वैशालीला मात्र या यादीत रस नव्हता. तिनं मला व्हरांड्याच्या डाव्या टोकाला नेलं. तिथे एक छोटी खोली आहे. तिच्या दारावर दोन लेख, एकाखाली एक. वरचा दखमित्रेचा. ती नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको, ही खोली तिनं दिली. खालचा लेख नवऱ्याचा. त्याच्यासाठी आम्ही आलो होतो.

आता जरा सावकाश सांगते, कारण हे मी पूर्ण समजून घेतलं तेव्हाच तिथून हलले.

वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदातानं हे लेणं चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं. त्याबरोबर एक अक्षयनीवी दिली, म्हणजे कधी न संपणारी ठेव. रक्कम काहापण ३०००. काहापण म्हणजे तेव्हाचं नाणं. ही रक्कम त्यानं राजाच्या तिजोरीत ठेवली नाही, कुठल्या मठाच्या पेटीतही टाकली नाही. गोवर्धनात ज्या श्रेणी होत्या, म्हणजे कारागिरांचे संघ, त्यांच्याकडे ठेवली. विणकरांच्या एका श्रेणीकडे २०००, दर शेकडा १. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दर शेकडा पाऊण. पुढे आमच्या चेअरमनांना आवडेल असं वाक्य: हे काहापण परत द्यायचे नाहीत, फक्त वृद्धी, म्हणजे व्याज, उपभोगायचं.

मी वैशालीला विचारलं, शेकडा एक म्हणजे महिन्याला की वर्षाला? ती म्हणाली, लेखात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. पण पुढची ओळ वाचा. पुढे लिहिलंय की त्या २००० मधून माझ्या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवराचे, म्हणजे कपड्याचे, मिळावेत.

मी तिथेच उभ्या उभ्या गणित केलं. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे वीस. महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. बरोब्बर. एक काहापण कमी नाही, एक जास्त नाही. दर महिन्याचाच आहे, वर्षाला बारा टक्के. दुसऱ्या श्रेणीकडून नऊ टक्क्यांनी नव्वद, ते भिक्षूंच्या किरकोळ खर्चाला. म्हणजे ठेव ठेवणाऱ्यानं आधी खर्च किती ते ठरवलं, मग त्यावरून मुद्दल काढलं. आमच्याकडे लोक याच्या उलट करतात. आधी रक्कम ठेवतात आणि मग "महिन्याला किती सुटतील?" म्हणून विचारतात.

दोन श्रेणी, दोन दर, हेही मला ओळखीचं वाटलं. सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवायची नाही हे शहाणपण त्या माणसाला होतं. आणि पाऊण टक्का देणारी श्रेणी एक टक्का देणारीपेक्षा जास्त भरवशाची असणार असं माझं मत. ठेवी गोळा करणाऱ्याला जास्त दर द्यायची घाई का होते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. वैशालीला हे मत फारसं पटलं नाही. ती म्हणाली, मॅडम, कदाचित मोठ्या ठेवीला जास्त दर असेल. असेलही. तिथे आमची दोघींची चांगली दहा मिनिटं वादावादी झाली आणि फोटो काढायला आलेलं एक जोडपं आमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघून निघून गेलं.

मग तिनं मला आकडे दाखवले. धम्मलिपीत 'क' म्हणजे अगदी बेरजेचं चिन्ह. एकदा ते कळलं की 'काहापण' शोधायला कठीण जात नाही. आणि रक्कम दोन्ही प्रकारे लिहिलीय, आधी अक्षरी, मग अंकी. 'सहस्रानि त्रीणि' आणि लगेच पुढे ३००० चं चिन्ह. चेकवर लिहितो तसंच. अंकात शून्य नाही. हजाराचं एक चिन्ह आणि त्यालाच जोडून कितीचे हजार ते. वैशालीनं हवेत बोट फिरवून ते काढून दाखवलं. दगडाला हात न लावता, हे विशेष. शेजारच्याच भिंतीवर कुण्या प्रेमवीरानं कोळशानं दोन नावं आणि एक बाण काढून ठेवला होता, त्यानं एवढा विचार केला नव्हता.

याच लेखात नारळीची ८,००० झाडं देणगी दिल्याचं आहे. सत्तर हजार काहापण म्हणजे पस्तिसाला एक या भावानं दोन हजार सुवर्ण, म्हणजे सोन्याची नाणी, असा विनिमयाचा दरही कोरलाय. आणि शेवटी जे आहे त्यानं मी खरोखर गार झाले. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं लिहिलंय. म्हणजे व्यवहार झाला, गावाच्या सभेत जाहीर झाला, दप्तरात नोंद झाली, आणि मग वर त्याची ही दगडी प्रत. दप्तराच्या फळ्या केव्हाच गेल्या, प्रत राहिली.

उषवदाताचा आणखी एक व्यवहार आहे तो तर थेट सब-रजिस्ट्रारच्या टेबलावरून उठून आल्यासारखा. लेण्यातल्या भिक्षूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून त्यानं एक शेत दिलं. पण शेत राजाच्या जावयानं नुसतं उचलून दिलं नाही, विकत घेतलं. वाराहीचा मुलगा अश्विभूती या ब्राह्मणाकडून, काहापण ४०००. शेत कुठे, तर नगराच्या शिवेवर वायव्येला. विकणाऱ्याकडे कसं आलं, तर त्याच्या वडिलांचं होतं. विकणारा कोण, आईचं नाव काय, जात काय, किंमत काय, चतुःसीमा कुठली, हक्क कसा आला: तारण ठेवायला आलेल्या जमिनीबद्दल आमचे वकीलसाहेब याच क्रमानं विचारतात. राजाचा जावई, मनात आणलं असतं तर शेत हिसकावून घेऊ शकला असता. चार हजार मोजले आणि मोजल्याचं लिहून ठेवलं.

मग आम्ही तीन नंबरला गेलो. हे सगळ्यांत देखणं, आणि देखणं असावं या हट्टानंच कोरलेलं. बाहेर जोत्याखाली सहा धिप्पाड पुरुष अर्धे जमिनीतून वर आल्यासारखे, अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरलेले. दाराभोवती लाकडी तोरणासारखं कोरीवकाम. हे लेणं गौतमी बलश्रीचं, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं. नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या वर्षी तिनं ते दिलं, तेव्हा मुलगा हयात नव्हता. लेखात मुलाची जी स्तुती आहे ती शाळेच्या पुस्तकात अर्धीमुर्धी आपण सगळ्यांनी वाचलेली असते: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्यानं शक, यवन, पल्हवांचा नाश केला, ज्यानं क्षहरात वंश निःशेष केला. क्षहरात वंश म्हणजे दहा नंबरवाले. त्यांच्याच लेण्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, त्यांच्याच लेण्याची नक्कल करून, त्याहून मोठं लेणं खोदून त्यात हे लिहायचं! भाऊबंदकीत शेजारी टोलेजंग बंगला बांधतात त्याची आठवण झाली.

एवढ्या विशेषणांच्या गर्दीत एक छोटंसं विशेषण आहे: आईची अखंड सेवा करणारा. तीन समुद्रांच्या शेजारी हे कुणी घालायला लावलं हे सांगायला नको. वैशालीला त्यावर खूप हसू आलं. मला नाही आलं. माझा मुलगा पुण्यात असतो आणि रविवारी फोन करतो.

पण खरं सांगायचं तर या प्रशस्तीपेक्षा त्याच व्हरांड्यातले रुक्ष सरकारी हुकूम मला जास्त आवडले. तिथे गौतमीपुत्राचे दोन हुकूम आहेत. पहिला अठराव्या वर्षाचा. राजा विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला कळवतो: अपरकखडी गावातलं जे २०० निवर्तनांचं (निवर्तन म्हणजे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत उषवदाताकडे होतं, ते आम्ही तिरण्हुवरच्या भिक्षूंना देत आहोत. आणि त्या शेताला सवलती अशा: त्यात कुणी शिरायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, तिथे सरकारी अंमलदाराचा त्रास नाही.

जरा विचार करा. नहपानाचं राज्य नुकतंच पडलंय. जिंकणाऱ्या राजाचे लोक अजून छावणीत आहेत. आणि तिथून तातडीनं निघालेला कागद कशाबद्दल, तर जावयाच्या नावची जमीन भिक्षूंच्या नावे करा. आमच्या भाषेत फेरफार. कार्ल्यालाही हीच गोष्ट: उषवदातानं तिथल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिलं होतं, ते सातवाहनांनी नव्यानं त्यांच्याच नावे करून दिलं. राजवट बदलली की जुन्या नोंदी आपोआप चालत नाहीत, त्यांच्यावर नवा शिक्का लागतो, हे भिक्षूंनी ओळखलं असणार आणि कुणीतरी छावणीपर्यंत चकरा मारल्या असणार.

दुसरा हुकूम सहा वर्षांनंतरचा, २४ व्या वर्षाचा. हा राजा आणि राजमाता दोघांच्या नावे, गोवर्धनच्या श्यामक अमात्याला. मजकूर असा: कखडी गावात आम्ही आधी जे शेत दिलं होतं, ते शेत कसलं जात नाही, ते गावही वसलेलं नाही. म्हणून आता नगराच्या शिवेवरचं आमचं स्वतःचं, राजाच्या मालकीचं शेत आहे, त्यातली १०० निवर्तनं देत आहोत.

वैशालीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला परत वाचायला लावलं. सरकारनं दिलेली जमीन पडीक निघाली, गाव ओस निघालं, सहा वर्षांनी सरकारनं ते मान्य केलं आणि बदली जमीन दिली. निम्मी दिली, हे खरं. पण शहराला लागून दिली आणि आधीची जमीन नापीक निघाल्याचं दगडावर लिहून दिलं. धरणग्रस्तांच्या बदली जमिनींचे कागद मी बघितलेत. त्यांच्यात असं वाक्य मला कधी सापडलेलं नाही. याच भिंतीवर पुढे पुळुमावीच्या २२ व्या वर्षी सुदसण नावाच्या गावाऐवजी सामलिपद हे दुसरं गाव दिल्याचीही नोंद आहे. म्हणजे अदलाबदलीचं प्रकरण तीन नंबरवाल्यांच्या मागे लागलेलंच होतं.

तीन समुद्र पालथे घालणाऱ्या राजापेक्षा "शेत कसलं जात नाही" असं लिहू देणारा राजा मला मोठा वाटतो. हे मी तिथे बोलून दाखवलं तर वैशाली म्हणाली, "राजानं नाही मॅडम, अमात्याच्या कारकुनानं लिहिलं असेल." कॅशियर लोकांचं कारकुनांवर प्रेम असतंच.

पुढची लेणी आम्ही भराभर पाहिली. अठरा नंबरचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, या रांगेतला एकमेव, आत स्तूप आणि दोन्ही बाजूंना बारीक खांब. त्याच्या दारावर 'नासिककांनी' धम्भिक गाव दान दिल्याचं कोरलंय. म्हणजे नाशिककर गावकीनं मिळून दिलेली देणगी. शेजारचं एकोणीस नंबर छोटंसं, साधं, पण वयानं ज्येष्ठ: सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या वेळी नाशिकच्या महामात्रानं, म्हणजे बड्या अधिकाऱ्यानं, केलेलं. आत वाकून जावं लागतं आणि मला गुडघ्यांचा प्रश्न होताच. वीस नंबरमध्ये बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे आणि बाहेर एक लेख: बोपकी नावाच्या भिक्षूनं सुरू केलेलं हे लेणं कित्येक वर्षं अपुरं पडलं होतं, ते यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाच्या बायकोनं, वासूनं, पुरं केलं. रखडलेला प्रकल्प आणि दुसऱ्याच्या पैशानं मिळालेला ताबा. तिनं सुरुवात करणाऱ्याचंही नाव ठेवलं, एवढं मात्र मान्य करायला हवं. आपल्याकडे नवीन बिल्डर पहिली पाटी आधी काढतो.

परतीच्या वाटेवर मी वैशालीला दहा नंबरवर पुन्हा थांबवलं. माझ्या डोक्यात एक शंका घोळत होती. जावयाचं राज्य गेलं, जमिनीचा फेरफार झाला. मग विणकरांकडच्या त्या तीन हजारांचं काय? नाण्यांची गोष्ट मला ऐकून माहीत होती. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० च्या वर नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या साधारण दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप वरून ठोकलेला. वितळवली नाहीत, फक्त वरून शिक्का मारला. एका नाण्यावर दोन राजे. तेच चलन नव्या नावानं बाजारात फिरत राहिलं.

वैशाली म्हणाली, "श्रेणींचं काय झालं ते बघायचंय? मग इकडे या." आणि तिनं मला व्हरांड्यातून खाली अंगणात आणलं. अंगणाच्या डाव्या भिंतीवर आणखी एक लेख आहे, मध्ये मध्ये फुटलेला. हा माठरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षाचा. म्हणजे क्षहरात गेले, सातवाहनही गेले, त्यानंतरचा. ठेव ठेवणारी विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची मुलगी, उपासिका. पैसे कुठे ठेवले, तर गोवर्धनातल्याच श्रेणींकडे: कुंभारांच्या, पाणी उपसायची यंत्रं करणाऱ्यांच्या, तेल्यांच्या. ठेवीचा उद्देश, त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्याचा खर्च.

दोन राजघराणी बुडाल्यावरही एका बाईला गोवर्धनच्या तेल्यांकडे पैसे ठेवणं सुरक्षित वाटलं. मी वैशालीला म्हटलं, ही तर मेडिक्लेम पॉलिसी. ती म्हणाली, "प्रीमियम एकदाच." आमच्यामागे व्यायामवाला एक म्हातारा दम खात उभा होता. त्यानं आपणहून विचारलं, काय लिहिलंय हो? वैशालीनं त्याला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, दर किती होता? हा नाशिककरच.

गोवर्धन आजही आहे. गंगापूरच्या वाटेवर, गोदावरीच्या काठी. तिथे आमच्या एका कर्जदाराचं घर आहे, हप्ते थकलेले. आता वसुलीला जाईन तेव्हा जरा वेगळ्या नजरेनं गावाकडे बघेन, पण हप्ता सोडणार नाही.

कुणाला जायचं असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत जा आणि थेट दहा नंबर गाठा. व्हरांड्याच्या डाव्या खोलीच्या दारावरचे लेख बघा, मग खाली अंगणाची डावी भिंत. 'क' म्हणजे बेरजेचं चिन्ह एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच सापडतं. पाण्याची बाटली न्या. वर जुनी दगडी टाकी आहेत, पण त्यांच्यातलं पाणी प्यायचं धाडस करू नका. वैशाली आता मला अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयाला नेणार आहे, दोन शिक्क्यांचं नाणं बघायला. तिथे पायऱ्या किती आहेत ते आधी विचारून घेतलंय.